साठ हजार जास्त द्यायचे, पण कशाचे?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: कराडजवळ राहणाऱ्या आणि साताऱ्याला महाविद्यालयात शिकवणाऱ्या एका ताईंना रोजच्या जाण्यायेण्यासाठी २०१४ सालची डिझायर डिझेल घ्यायची आहे. गाडी वडिलांच्या जुन्या सहकाऱ्यांची आहे आणि रनिंग एक लाख नव्वद हजार झालं आहे. ‘गेल्याच महिन्यात इंजिन नव्याने बांधून घेतलंय, आता दोन लाख किलोमीटर बघायला नको,’ असं सांगून ते बाजारभावापेक्षा साठ हजार जास्त मागताहेत. पुरावा म्हणून गॅरेजच्या कागदावर ‘इंजिन काम संपूर्ण’ ही एक ओळ आणि खाली ६८,००० हा आकडा. ताईंनी गाडी चालवून पाहिली, छान चालली. तरी शंका जात नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो, इंजिन उघडल्याशिवाय काही सांगता येणार नाही. वडील म्हणतात, ‘माणूस घरचा आहे, त्याच्याकडे काय हिशेब मागायचा?’ त्या विचारतात, इंजिन खरंच बांधलंय का हे न उघडता कसं ओळखायचं? आणि विचारलं तर संबंध बिघडतील का?

ताई,

तुमचा मेकॅनिक अर्धं बरोबर बोलला. बाहेरून बघून ‘हो, सगळं काम झालंय’ अशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. पण ‘सांगतात तसं काम झालेलं नाही’ हे मात्र पुष्कळदा बाहेरूनच कळतं. आणि इंजिन आज कसं आहे, हे तर चक्क मोजता येतं. मागे काय झालं आणि आज काय आहे, हे दोन प्रश्न तुमच्या पत्रात एकमेकांत मिसळले आहेत. रोज कराड-सातारा करायला तुम्हाला आजची तब्येत चांगली हवी. साठ हजार मात्र तुमच्याकडून मागच्या कामाचे मागितले जाताहेत. म्हणून त्या कामाचा पुरावा विक्रेत्याने द्यायचा आहे, तुम्ही शोधून काढायचा नाही.

आधी त्या एका ओळीबद्दल. ‘इंजिन काम संपूर्ण’ यात काहीही मावतं. कोणी हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, उतरवून वॉल्व्ह घासतो, वॉल्व्ह सील आणि गॅस्केट बदलतो, की झालं इंजिनचं काम. कोणी खालून चेंबर, म्हणजे ऑइलचं भांडं, काढून जुन्याच बोअरमध्ये (पिस्टन वर-खाली होतो त्या नळीत) पिस्टनच्या नव्या रिंगा टाकतो. कोणी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, लेथवर नेऊन बोअर करतो, मापाचे पिस्टन बसवतो, क्रँक (पिस्टनच्या जोराने फिरणारा दांडा) ग्राइंड करून नवी बेरिंग टाकतो. आणि कोणी भंगारातून आणलेलं दुसऱ्या गाडीचं इंजिन पुसून-रंगवून बसवतो. हाफ इंजिन आणि फुल इंजिन यांचाही अर्थ गॅरेजगणिक बदलतो. यातलं कुठलंही काम करून माणूस प्रामाणिकपणे सांगू शकतो की इंजिन बांधलंय. गाडी विकणारे हे काका खोटं बोलताहेत असं मी मुळीच म्हणत नाही. त्यांना मिस्त्रीने जे सांगितलं तेच ते तुम्हाला सांगत असतील. त्यामुळे ‘काम झालंय का?’ हा प्रश्न सोडून द्या आणि ‘काय काय काढलं, काय काय टाकलं?’ हे विचारा.

याचं उत्तर बहुधा गॅरेजच्या कागदावर नसतं. ते असतं लेथवाल्याच्या चिठ्ठीवर आणि स्पेअर पार्टच्या दुकानाच्या बिलावर. बोअर करणं, होनिंग (बोअरची भिंत बारीक घासणं), क्रँक ग्राइंडिंग, हेडचं फेसिंग (तळ सपाट करणं), वॉल्व्हच्या सीट कापणं ही कामं साध्या गॅरेजमध्ये होत नाहीत. त्यासाठी ब्लॉक आणि हेड मशीन शॉपला जातात. तुमच्या भागातून कितीतरी ब्लॉक कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात जातात, कारण तिथे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी माणसं आहेत. त्या चिठ्ठीवर मापं असतात. तुमच्या गाडीच्या १२४८ सीसी इंजिनाचा मूळ बोअर ६९.६ मिलिमीटर आहे. तो वाढवला असेल तर त्याच मापाचे ओव्हरसाइज पिस्टन दुकानाच्या बिलावर दिसले पाहिजेत. स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत नवी नळी, बसवून मूळ मापाचे पिस्टन टाकले असतील तर स्लीव्हचा उल्लेख हवा. लेथची चिठ्ठी एक माप सांगते आणि पिस्टनचं बिल दुसरं, असं झालं तर तिथेच थांबा.

दुकानाच्या बिलात मी सर्वांत आधी फुल गॅस्केट सेट शोधेन. हेड उचललं की हेड गॅस्केट नवीनच टाकावी लागते. ती बिलात नाही आणि वेगळीही घेतलेली नाही, तर इंजिन उघडलंच नाही असं समजायला हरकत नाही. मग रिंगा, पिस्टन, बिग एंड आणि मेन बेरिंग, ऑइल सील, हेडचे नवे बोल्ट, ऑइल पंप, पाण्याचा पंप. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट नसून चेन आहे, म्हणून चेन, तिचा टेन्शनर आणि गाइड हा संच बिलात आहे का ते आवर्जून बघा. एवढं इंजिन मोकळं केलं आणि एक लाख नव्वद हजार चाललेली चेन तशीच परत लावली, असं कुठलाही जाणता मिस्त्री करणार नाही. चेन तुटली तर वॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि सगळं काम पुन्हा करावं लागतं.

बिलावर जीएसटी क्रमांक असेल तर तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून दुकान खरं आहे का ते दोन मिनिटांत कळतं. क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने सुरू होतो. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के कर आहे. म्हणजे गेल्या महिन्याचं म्हणून दाखवलेल्या बिलात २८ टक्के लावलेले दिसले, तर ते बिल जुनं आहे किंवा बनवलेलं आहे. छोट्या गॅरेजला जीएसटी नोंदणी नसणं यात मात्र काही वावगं नाही. त्यावरून मिस्त्रीला लबाड ठरवू नका.

आता गाडीकडे. बॉनेट उघडल्यावर चकचकीत रंगवलेलं इंजिन दिसलं की लोक खूश होतात. मला उलट धास्ती वाटते, कारण रंगाखाली ऑइलची गळती छान झाकली जाते. रंग सोडून बोल्ट बघा. काका जर म्हणत असतील की क्रँकचंही काम केलंय, तर गिअरबॉक्स वेगळा झालाच असणार आणि तुमच्या गाडीत त्यासाठी इंजिन खाली उतरवावंच लागतं. म्हणजे इंजिनाच्या माउंटिंगचे बोल्ट, गिअरबॉक्स जोडणारे बोल्ट, सायलेन्सरचा पुढचा जोड, पाण्याच्या पाइपांच्या क्लिपा या सगळ्यांवर अलीकडे पाना लागल्याच्या ताज्या खुणा हव्यात. तिथे वर्षानुवर्षांचा चिखल आणि गंज जसाच्या तसा असेल, तर क्रँकला हात लागलेला नाही. त्यासाठी मेकॅनिकला इंजिन उघडावं लागत नाही, गाडी रॅम्पवर घेऊन बॅटरी मारली की झालं. जोडांच्या कडेने सिलिकॉन भसाभस बाहेर आलेलं दिसलं तर काम झालंय खरं, पण घाईत आणि हलक्या हाताने.

इंजिन नंबरही याच वेळी बघून घ्या. ब्लॉकवर कोरलेला नंबर आणि आरसी बुकातला नंबर अक्षरन्‌अक्षर जुळला पाहिजे. जुळत नसेल तर ब्लॉक बदललेला आहे. तसा बदल आरटीओकडे नोंदवावा लागतो. नोंद नसताना गाडी घेतली तर नावावर करताना, विम्याचा दावा करताना त्रास तुम्हाला होईल आणि त्या ब्लॉकचा मूळ मालक कोण हा प्रश्नही उरेल. इथे भाव कमी करून मिळतो म्हणून तडजोड करू नका.

तुमच्या पत्रात एक प्रश्न मला कुठेच दिसला नाही आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. इंजिन बांधायची वेळ का आली? या इंजिनाने नीट ऑइल बदलत एक लाख नव्वद हजार गाठले तर ते उघडावंच लागेल असं नाही. पिस्टनपर्यंत जायला कारण घडावं लागतं. पाणी संपून गाडी तापली असेल तर हेड वाकलं किंवा तडकलं असण्याची शक्यता आहे, मग हेडचं फेसिंग आणि प्रेशर टेस्ट झाली का हे विचारायचं. चेंबर दगडावर आपटून ऑइल गेलं असेल तर क्रँक आणि टर्बो दोन्हींचं काय झालं ते विचारायचं.

आणि आपल्या भागात एक कारण विसरून चालत नाही, ते म्हणजे पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली पाण्याखाली होतं, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच झालं, आणि कराडला कृष्णा-कोयनेचं पाणी काय करतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पाण्यात उभी राहिलेली गाडी कोणी चालू केली आणि सिलिंडरमध्ये पाणी गेलं, तर पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन बांधून ते दुरुस्तही होतं. पण वायरिंगचे जोड, सेन्सर, कंट्रोल युनिट यांत शिरलेली ओल पुढची काही वर्षं एकेक दुखणं काढत राहते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या तळाशी मातीची रेघ आहे का बघा. पायाखालचं कार्पेट उचला, सीटच्या रुळांवरचा गंज बघा, डिकीत स्टेपनीच्या खाली हात घाला. विम्याच्या कागदावर नो क्लेम बोनस किती टक्के आहे तेही वाचा. सलग पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्के असतो. काका वर्षानुवर्षं विमा भरत असून तो शून्य असेल, तर गेल्या वर्षी दावा कशाचा केला होता ते सरळ विचारा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कामं होत असतील तर काकांना सोबत नेऊन गाडीच्या नंबरावरून जुन्या नोंदी मागा. त्यात तारखेसोबत किलोमीटरही असतात, म्हणजे रनिंगचीही शहानिशा होते.

‘गेल्याच महिन्यात’ हे शब्द तुम्हाला जमेची बाजू वाटले, तसे ते बहुतेकांना वाटतात. मला ते काळजीचे वाटतात. नुकतं बांधलेलं इंजिन अजून परीक्षेला बसलेलं नसतं. रिंगा बसायला काही शे किलोमीटर लागतात, पहिलं ऑइल हजारभर किलोमीटरवर बदलायचं असतं, आणि कामात राहिलेली कसर पुष्कळदा त्याच्याही पुढे डोकं वर काढते. बेरिंगचं माप चुकलं, हेडचे बोल्ट नीट आवळले गेले नाहीत, ऑइलच्या वाटेत लेथचा कीस राहिला, तर पहिल्या चारशे किलोमीटरमध्ये गाडी ‘छान’च चालते. बांधल्यावर दहा-पंधरा हजार किलोमीटर बिनतक्रार चाललेलं इंजिन मी ताज्या कामापेक्षा कितीतरी वरचं मानेन. त्यातून विकायच्या आधी महिनाभर हे काम झालंय. विकायचीच होती तर एवढा खर्च का केला, याचं पटणारं उत्तर मिळायला हवं. असू शकतं. ठेवायची म्हणून काम केलं आणि मग मुलाने नवी गाडी घेतली, असं घरोघरी होतं.

आता आजची तब्येत. सकाळी लवकर जा आणि येतोय म्हणून फार आधी कळवू नका. बॉनेटवर हात ठेवून इंजिन थंड आहे याची खात्री करा आणि पहिला स्टार्ट तुमच्यासमोर होऊ द्या. सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत खडखड झाली तर चेनचा संशय घ्या. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि गोडसर वास येत असेल तर कूलंट जळतंय. थंडीत कच्च्या डिझेलचा वास मारणारा पांढरा धूर कमी कॉम्प्रेशनमुळे (सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली न गेल्यामुळे) असू शकतो, तसाच हीटर प्लग (थंड इंजिन सुरू होताना सिलिंडर तापवणारा भाग) गेल्यामुळेही. मग चालू इंजिनवर ऑइलचं झाकण काढा. डिझेलमध्ये थोडी वाफ येतेच, पण धापा टाकल्यासारखे फुसकारे येत असतील तर दाब रिंगांवरून खाली उतरतोय. डिपस्टिकवरचं ऑइल काळं आहे म्हणून घाबरू नका, डिझेलमध्ये ते लवकरच काळं होतं. ते फार घट्ट तर नाही ना, हे मेकॅनिकला बोटावर घेऊन बघायला सांगा. आवाज आणि धूर दाबायला जाड ग्रेडचं ऑइल भरणं ही जुनी युक्ती आहे. शेवटी कुंभार्ली घाटाच्या दिशेने एक फेरी मारा. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्ये गाडी उतरवायची, आणि पुन्हा पाय देताना मागून येणाऱ्या माणसाला सायलेन्सरकडे बघायला सांगायचं. त्या क्षणी निळा लोट आला तर वॉल्व्ह सील, रिंगा किंवा टर्बो यांतलं काहीतरी गेलं असण्याची शक्यता आहे.

यानंतर दोन मोजण्या पैसे देऊन करून घ्या. एक कॉम्प्रेशन. डिझेलसाठी वेगळा, जास्त दाबाचा गेज लागतो, पेट्रोलचा चालत नाही, म्हणून तो असलेलं गॅरेज शोधा. नुसता आकडा बघू नका, चारही सिलिंडर एकमेकांच्या जवळ आहेत का ते बघा. साधारण दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको. दुसरी म्हणजे इंजिन पूर्ण गरम असताना आयडलवरचा (ॲक्सिलरेटर न देता नुसतं चालू असतानाचा) ऑइल प्रेशर, गेज लावून मोजलेला. कॉम्प्रेशन वरच्या भागाचं सांगतं, ऑइल प्रेशर खालच्या बेरिंगचं. फक्त रिंगा बदलून ‘संपूर्ण काम’ म्हणणाऱ्याचं इंजिन पहिली परीक्षा पास होतं आणि दुसरीत अडकतं. पण लक्षात घ्या, दोन्ही आकडे उत्तम आले तरी इंजिन बांधलंय हे सिद्ध होत नाही. कधीही न उघडलेलं, नीट सांभाळलेलं इंजिनही तेच आकडे देईल. तसं असेल तर गाडी घ्या, आनंदाने घ्या, फक्त साठ हजार जास्त देऊन नको.

बोअरस्कोप नावाचा बारीक कॅमेरा हीटर प्लगच्या भोकातून आत घालता येतो. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरक्या जाळीदार रेघा दिसल्या की लोक नि:शंक होतात, पण त्या चांगल्या जुन्या इंजिनातही टिकून असतात. उलट गेल्या महिन्याच्या कामात पिस्टनच्या माथ्यावर कार्बनचा जाड थर किंवा भिंतीवर उभे ओरखडे दिसता कामा नयेत. एक धोका आधीच बोलून घ्या. जुन्या डिझेलमध्ये हीटर प्लग काढताना तुटू शकतो आणि तो काढण्याचा खर्च मोठा असतो. काका याला नाही म्हणाले तर त्यावरून त्यांच्याबद्दल मत बनवू नका, ती भीती रास्त आहे.

वडिलांचं म्हणणं राहिलं. त्यांना वाटतं हिशेब मागणं म्हणजे अविश्वास दाखवणं. मला तसं वाटत नाही, पण त्यांना ते पटवत बसण्यापेक्षा विचारण्याची पद्धत बदला. ‘पुरावा दाखवा’ म्हणण्याऐवजी असं म्हणा: ‘काका, पुढे गाडी मलाच सांभाळायची आहे. ज्या मिस्त्रींनी काम केलं त्यांच्याकडेच पुढची सर्व्हिसिंग करीन म्हणते, एकदा ओळख करून द्याल का?’ मग वडिलांना सोबत घेऊन त्या गॅरेजमध्ये जा. काम केलेला मिस्त्री आपल्या कामाबद्दल भरभरून बोलतो. बोअर कितीचा केला, क्रँक कुठल्या साइझला नेला, लेथ कोणाकडे केलं, हेड गॅस्केट कुठल्या जाडीची टाकली आणि ती कशी ठरवली, हे सगळं त्याला आठवतं. गाडी गेल्याच महिन्यात त्याच्या हाताखालून गेली आहे. काढलेले जुने पिस्टन-बेरिंगही पुष्कळदा कोपऱ्यात पडलेले असतात. तो ‘सगळं केलंय हो मॅडम, तुम्ही बिनधास्त घ्या’ यापलीकडे जात नसेल, तर तेही उत्तरच आहे. तुम्ही बाई आहात म्हणून तो तुमच्याशी न बोलता वडिलांकडे बघून बोलेल, अशीही शक्यता आहे. बोलू द्या. प्रश्न लिहून न्या आणि उत्तरं वहीत त्याच्यासमोर टिपून घ्या.

पैशांचं मी असं करेन. चिठ्ठ्या आहेत, मापं जुळतात, मिस्त्री बोलतो, दोन्ही मोजण्या चांगल्या आल्या: तर जास्तीची रक्कम द्या, पण पूर्ण साठ नको. इंजिनवर झालेला खर्च गाडीच्या किमतीत जसाच्या तसा चढत नाही, आणि या गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी २०२९ ला संपते. पुढे तपासणी करून, हरित कर भरून पाच वर्षं वाढवता येते, ते धरूनही दोन लाख किलोमीटर वापरायला तुम्हाला किती वर्षं मिळतील याचा हिशेब करा. कागद नाहीत पण इंजिनची तब्येत चांगली: तर बाजारभावाने घ्या, आणि काका आपल्या शब्दावर ठाम असतील तर जास्तीच्या रकमेतला काही भाग पाच हजार किलोमीटर झाल्यावर द्यायचा असं साध्या कागदावर लिहून दोघांनी सह्या करा. ज्याला आपल्या कामाची खात्री आहे त्याला हे जड जात नाही. कागद नाहीत आणि मोजणी करायलाही नकार: तर घेऊ नका. एवढ्याच रनिंगच्या, याच वयाच्या डिझायर तुमच्या जिल्ह्यात पुष्कळ आहेत.

व्यवहार ठरण्याआधी एक गोष्ट अजून. काकांना विचारून त्याच मिस्त्रीकडे तुमच्या खर्चाने ऑइल आणि फिल्टर बदलून घ्या. नाहीतरी नव्याने बांधलेल्या इंजिनाला ते लागणारच आहे. निघालेलं ऑइल स्वच्छ ट्रेमध्ये पडू द्या, त्यात लोहचुंबक फिरवा आणि फिल्टरच्या घड्या उघडून उन्हात धरा. अगदी बारीक करडी भुकटी चालते. डोळ्यांना चमकणाऱ्या चकत्या दिसल्या, विशेषतः तांबूस रंगाच्या, तर बेरिंग झिजतंय, आणि मग कागदावर काहीही लिहिलेलं असो, ही गाडी तुमची नाही.